ताडाला शेंडा एकच!



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. आज ऊस थोडा बाजूला ठेवून धुऱ्यावरच्या झाडांकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण बांध्या, बोड्या आणि मालगुजारी तलाव हे त्याचे रूप फार जुने आहे. त्या रूपात दोन झाडे ठळक दिसतात. धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठाने शिंदी, आणि तलावाच्या पाळीवर एखाददुसरा ताड. अलीकडे घरापुढे नारळ आणि कार्यालयांच्या आवारात बाटली पाम यांची भर पडली आहे.

ही झाडे हल्ली वाळताना दिसतात. आणि वाळणाऱ्या झाडापुढे आपण दोनच उपाय करतो, एक म्हणजे युरियाची ओंजळ, नाहीतर कुऱ्हाड. हे दोन्ही उपाय न पाहता केलेले असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही दुसऱ्याच्या चुकीवरून बनवलेले नाही. चूक आमचीच होती, म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या परसात एक नारळ होता. सात-आठ वर्षांचा, नुकताच फुलोऱ्यावर येऊ पाहणारा. भाजीच्या वाफ्यांसाठी म्हणून आम्ही ट्रॉलीभर प्रेसमड आणून त्याच झाडाशेजारी ढीग लावला. त्यावर शेण टाकले, केरकचरा टाकला. दुसऱ्या पावसाळ्यात नारळाची नवी पाने उमलली ती कात्रीने कापल्यासारखी. आम्हांस वाटले, माकडांचा उपद्रव. मग पाने पिवळी पडू लागली. आम्हांस वाटले, खत कमी पडले; दिला युरिया. झाड सुधारेना, तेव्हा वाटले पाणी कमी पडते, लावला पाइप. शिंदीचे फडे विकायला येणारी एक म्हातारी बाई दारात थांबली, वर पाहिले आणि म्हणाली, "शेंडाच गेला जी भाऊ, आता पानी कोनाले पाजता?"

शिडी लावून पाहिले. मधली सुई हाताने ओढली तर अलगद हातात आली. बुडाशी कुजलेली, घाण वास मारणारी. आणि खाली आमच्याच ढिगात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या! ज्या ढिगाला आम्ही खत म्हणत होतो, तो त्या नारळाच्या वैऱ्याचा पाळणा होता. चार महिने आम्ही झाडाच्या बुडाकडे पाहत राहिलो. पाहावयाचे होते शेंड्याकडे.

ऊस उत्पादकाला ही गोष्ट समजावयास फारशी अवघड नाही. ताड, शिंदी, नारळ ही सारी उसाच्या, धानाच्या आणि बांबूच्या बिरादरीतली, एकदल झाडे आहेत. खोडकिडीने उसाचा पोंगा मेला की तो ओढताच निघतो आणि वास येतो, हे आपण जाणतोच. पण उसाचा पोंगा मेला तरी बुडख्यातून फुटवे येतात आणि पीक सावरते. ताडाला ती सोय नाही. त्याची वाढ एकाच ठिकाणी होते, शेंड्याच्या गाभ्यात. आंबा, मोह, बाभूळ छाटली तर पुन्हा फुटतात. ताडाचा गाभा मेला की झाड मेले, मग खोड कितीही वर्षे उभे का राहीना. दुसरी गोष्ट, आंब्याच्या सालीवरची जखम काही वर्षांत भरून येते. ताडाच्या खोडाला तसे भरून काढणारे अंग नाही. खिळा ठोका, तार आवळा, कोयत्याने खाचा पाडा, ती जखम मरेपर्यंत उघडी राहते.

म्हणून उपचाराआधी ओळख हवी. "पाम आहे" एवढे म्हणून भागत नाही.

शिंदीचे पान पिसासारखे, राखाडी हिरवे. देठाजवळची पाती काट्यांची झालेली असतात. हात घातलेल्याला सांगावे लागत नाही. खोडावर झडलेल्या पानांच्या खुणा चौकड्यासारख्या दिसतात. नर-मादी झाडे वेगळी, म्हणून एका झाडाला शिंदोळ्या येतात आणि शेजारचे वांझ दिसते. ते आजारी नसते, नर असते. ताडाचे पान पंख्यासारखे पसरट आणि खोड काळे, जाड. त्यातही नर-मादी वेगळी, ताडगोळे मादीलाच लागतात. नारळाचे पान पिसासारखेच, पण बिनकाट्याचे; खोडाचा बुंधा फुगीर. बाटली पामचे खोड सिमेंटच्या खांबासारखे पांढुरके आणि मध्ये फुगलेले, वर हिरवीगार गुळगुळीत नळी. हा पाहुणा मूळचा क्युबाकडचा. त्याची जुनी पाने आपोआप गळतात, म्हणून त्याला छाटण्याची गरजच नसते.

आणखी एक ओळख महत्त्वाची आहे. बागांमधून भेरली माड लावलेला दिसतो. त्याची पाती माशाच्या शेपटीसारखी असतात. याच्या फुलोऱ्याचे लोंबते झुपके आधी शेंड्याजवळ येतात आणि मग वर्षागणिक खाली खाली उतरत जातात. शेवटचा झुपका बुडाकडे आला की झाडाचे आयुष्य सरले. त्यास खत, औषध, नवस काही लागू पडत नाही. आजार आणि म्हातारपण यांतला फरक माणसांत आपण ओळखतो, झाडांतही ओळखावा.

आता आजार पाहू. पहिला प्रश्न एकच विचारावा: बिघडले कोणते पान? जुने की नवे?

सर्वांत खालची एक-दोन पाने वाळत असतील आणि वरची हिरवी असतील, तर काहीही करू नये. ते झाडाचे रोजचे चालणे आहे. खालच्या बऱ्याच पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके पडून टोके करपत वर सरकत असतील, तर पालाशची उपासमार समजावी. जुन्या पानांच्या कडा रुंद पिवळ्या आणि मधला भाग हिरवा राहिला असेल तर मॅग्नेशियम कमी. येथे आपण हमखास चूक करतो. पिवळी पाने वाईट दिसतात म्हणून सगळी छाटून टाकतो. वास्तविक ताड त्या जुन्या पानांतला पालाश काढून नव्या पानांना देत असतो. ती शिदोरीच आपण तोडून फेकली की उपासमार वरच्या पानांवर चढते. असे वर्षानुवर्षे झाले की खोड शेंड्याकडे पेन्सिलीसारखे निमुळते होते, आणि तो बारीकपणा पुन्हा कधी भरून येत नाही.

युरियाने हे बरे होत नाही, उलट बिघडते. पालाश नसताना नत्र दिले की वाढीची हाव सुटते आणि शिदोरी आणखी लवकर संपते. पूर्ण वाढलेल्या नारळासाठी कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेची शिफारस वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी आहे. म्हणजे युरिया साधारण १ किलो १०० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश २ किलो. पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त, हे ध्यानात घ्यावे. खत दोन हप्त्यांत, पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस ओसरताना, खोडाला चिकटून न टाकता भोवतीच्या आळ्यात द्यावे. धुऱ्यावरच्या शिंदीला आणि ताडाला मात्र या खताची गरज नाही. ती आपले पोट भरून घेतात.

नवी पाने बिघडली असतील तर मामला वेगळा. नवी पाने एकजात फिकट येत असतील तर बुडाशी पाणी तुंबते का, झाड फार खोल लावले का, ते पाहावे. कन्हार जमिनीत हे नेहमी घडते. बांधीचे पाणी धुऱ्याला चार महिने लागून राहिले की मुळांची घुसमट होते आणि जमिनीत असलेले लोहही झाडास घेता येत नाही. येथे खताची गोणी नको, फावडे हवे. एक चर काढून पाण्याला वाट द्यावी. खोडाभोवती मातीचे उंच ढीग लावले असतील तर काढावेत. नवी पाने आखूड, चुरगळलेली, एकमेकांत अडकलेली येत असतील तर बोरॉन किंवा मँगनीज यांसारखे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी असते. माती तपासूनच औषध द्यावे, अंदाजाने नको.

नारळाच्या बाबतीत आपल्या हवेचाही दोष असतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा ८-९ अंशांवर येतो आणि मे महिन्यात ४५ च्या घरात जातो. नारळ हे समुद्राकाठचे लेकरू. थंडीत त्याची वाढ मंदावते, उन्हाळ्यात पानांची टोके भाजतात. तेवढ्यावरून रोग पडला म्हणून हाय खाऊ नये.

खरा धोका तीन प्रकारांत आहे. उमललेल्या पानात इंग्रजी व्ही अक्षरासारखे काप दिसले, पान पंख्यासारखे कातरलेले दिसले, की गेंड्या भुंगा समजावा. तो न उमललेल्या सुईत शिरून खातो, म्हणून नुकसान पान उमलल्यावर दिसते. भोकातून चोथा बाहेर आला असेल तर लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढावा. निंबोळी पेंडीची २५० ग्रॅम भुकटी तितक्याच वाळूत मिसळून शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यांत वर्षातून तीनदा भरावी: एप्रिल-मे, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि डिसेंबर-जानेवारी.

दुसरा लाल सोंड्या भुंगा. हा जखमेच्या वासाने येतो. खोडावर भोके, त्यांतून तपकिरी रस आणि चावलेला भुसा, खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज, ही त्याची खूण. शेंडा कलंडला असेल तर झाड गेले असे समजून तोडावे, खोड चिरून आतल्या अळ्यांसकट जाळावे. ओंडका बांधावर पडू दिला तर पुढचे झाड त्यातूनच मरते.

तिसरी कोंबकूज, पावसाळ्यातली. मधली सुई कोमेजते, ओढली की निघते. गाभा अजून शाबूत असेल तर कुजलेला भाग खरवडून काढावा आणि दहा टक्क्यांचे बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, मग दोन्ही एकत्र. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे, लोखंडाचे नको. वरून मडके पालथे घालावे म्हणजे पाऊस लागत नाही, आणि नवा कोंब दिसेपर्यंत ते काढू नये. आमचा नारळ याच आजाराने गेला. भुंग्याने वाट केली, कुजीने घर केले. दोन महिने आधी वर पाहिले असते तर कदाचित तो वाचला असता.

आता थोडे परखड लिहितो, राग मानू नये. धुऱ्यावरच्या या झाडांना रोगापेक्षा आपण ऊसवाले जास्त छळतो.

पहिली गोष्ट प्रेसमडची. हे उत्तम खत आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ओला ढीग महिनोन्‌महिने झाडाशेजारी पडू दिला तर गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. त्याच्या अळ्या हुमणीसारख्याच वाकड्या, पण अधिक मोठ्या. ढीग झाडांपासून दूर लावावा, उलथापालथ करावी. उघड्या पडलेल्या अळ्या कोंबड्या आणि कावळे फुकटात वेचतात. शेणखताच्या खड्ड्यालाही हाच नियम.

दुसरी गोष्ट पाचटाची. पाचट जाळू नका, असे आम्ही जमिनीसाठी अनेकदा लिहिले. आता झाडांसाठी लिहितो. धुऱ्यावरची पोर शिंदी त्या आगीत शेंड्यासकट भाजते. मोठे झाड एखादी आग सोसते, दरवर्षीची सोसत नाही. तेच पाचट झाडाभोवती खोडापासून हातभर अंतर सोडून पसरले तर उन्हाळ्यात ओल टिकते. एकाच वस्तूने झाड मारताही येते आणि जगवताही येते.

तिसरी गोष्ट यंत्राची. बांध सरळ करताना जेसीबीच्या एका फेऱ्यात चाळीस वर्षांची शिंदी आडवी होते. ट्रॉली वळावी म्हणून खोड खरडले जाते. ती जखम भरत नाही हे वर सांगितलेच आहे.

यावर काही सभासद म्हणतील, "झाडाने उसाला सावली होते, सुगरणी दाणे खातात, शिंदीत उंदीर लपतात, ठेवून फायदा काय?" यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. उंदीर लपतात ते खाली लोंबणाऱ्या सुक्या झावळ्यांत. त्या सुक्या झावळ्या जरूर काढाव्यात. हिरव्यांना हात लावू नये. सुगरण दाणे खाते तशी पिल्लांना किडेही भरवते. शिंदीच्या विरळ शेंड्याची सावली आंब्याएवढी दाट पडत नाही. आणि फायदा म्हणाल तर गावातल्या कितीतरी घरांच्या फड्यांचा आणि चटयांचा माल याच झाडावरून येतो. फडे बांधणाऱ्या बाया पाने कापतात म्हणून झाडे मरतात, असेही काही जण बोलतात. आमचा अनुभव उलट आहे. त्यांना सुई राखून पान घेणे कळते, कारण झाड मेले तर पुढच्या वर्षीचे पोट मारले जाते. न कळता कापतो तो आपला गडी, आपल्याच सांगण्यावरून.

साखरेच्या धंद्यात असणाऱ्यांनी तर शिंदीला जरा मानानेच पाहावे. बंगालात हिवाळ्यात ज्या खजुरी गुळाची इतकी वाहवा होते, तो याच शिंदीच्या रसाचा असतो. तेथील गाछी शेंड्याखाली एका बाजूने पातळ काप घेऊन रात्रभर रस धरतो, बाजू बदलत जातो आणि गाभ्याला धक्का लागू देत नाही. आपल्या विदर्भातही वर्ध्याला १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाच्या कामाला हात घातला होता, आणि गांधीजी त्याचे पुरस्कर्ते होते. उसाला चांगली जमीन आणि भरपूर पाणी लागते, ताड-शिंदी पडीक जागेवर वाढते, हा त्यामागचा साधा हिशोब होता. आज आपल्याकडे निरा-ताडी काढावयास परवाना लागतो, आणि तो धंदा सुरू करा असे आम्ही सुचवीत नाही. एवढेच म्हणतो की, ज्याला आपण जंगली म्हणून तोडतो ते साखरेचेच झाड आहे.

ओडिशा सरकारने २०२४ साली वीज पडून होणारे मृत्यू कमी व्हावेत म्हणून लाखो ताड लावण्याचे ठरवले. उंच झाड वीज स्वतःवर घेते, हा त्यामागचा विचार. (म्हणूनच गडगडाट होत असताना त्याच्या आडोशाला मात्र कधीही उभे राहू नये.) पण ताड उंच व्हायला माणसाची अर्धी हयात जाते. लावलेला ताड नातवाच्या उपयोगी पडतो. उभा असलेला आजच्या रोवणीच्या दिवसांतही आपल्या शिवारात आहे.

शेवटी चार विनंत्या करतो. पहिली, कुऱ्हाड किंवा खत हाती घेण्याआधी प्रत्येकाने वर पाहावे. सुई ताठ आणि हिरवी आहे तोवर झाड जिवंत आहे. दुसरी, उपचार केल्यावर धीर धरावा. नारळ महिन्याला साधारण एक पान काढतो. बिघडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, नवे चांगले येते. तेव्हा सहा महिने ते वर्ष गेल्याशिवाय निकाल लावू नये. तिसरी विनंती कारखान्याच्या ऊस विकास विभागास: प्रेसमडच्या पावतीवर "ढीग ताड-नारळापासून दूर लावावा" एवढी एक ओळ छापावी. चौथी, तोडणीच्या टोळ्या उतरतील तेथे त्यांच्या चुली झाडाच्या बुडाशी मांडाव्या लागू नयेत, अशी मोकळी जागा ज्याच्या शेतावर उतरल्या त्या सभासदाने दाखवावी.

आमच्या परसात त्या नारळाचे बिनशेंड्याचे खोड अजून उभे आहे. तोडून टाका, वाईट दिसते, असे घरचे म्हणतात. चिरून पाहिले, आत भुंगा नाही, म्हणून तूर्त ठेवले आहे. खताचा ढीग तेवढा आता गोठ्यापलीकडे नेला आहे. आणि कुंपणाजवळ एक शिंदी आपसूक उगवली आहे, गुडघ्याएवढी. तिला आम्ही काहीही घालत नाही. येता-जाता फक्त तिचा शेंडा पाहतो.